पिळाचा जोड

आमच्या कोरेगावात फौजेतून निवृत्त होऊन आलेला माणूस कुठल्याही हुद्द्यावरचा असो, एसटीतून उतरल्या उतरल्या तो मेजर होतो. सरकारनं वीस-पंचवीस वर्षांत दिली नाही ती बढती गाव स्टँडवरच देऊन टाकतं. आमचे मेजर हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि हे ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. "म्या हवालदार. मेजर म्हणायचं आसंल तर तशी पेन्शन चालू करून आणा." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि म्हणायचं, "बरं मेजर."

बाजारपेठेच्या मागच्या अंगाला, खताच्या दुकानाला लागून त्यांचं पत्र्याचं शेड होतं. दारावर पाटी होती, 'मोटारसायकलची फक्त वायरिंगची कामे'. 'फक्त'खाली लाल रंगाची जाड रेघ. पंक्चर, ऑइल, चेन असलं काही घेऊन कोणी आलं की मेजर त्याला ती पाटी मोठ्यानं वाचायला लावायचे. आमच्या कॉलेजच्या वाचनालयात वर्षभरात होत नाही इतकं वाचन त्या दारात एका आठवड्यात व्हायचं. आता शेड बंद आहे. मेजर सांगलीला लेकीकडं असतात आणि तिथं सोसायटीची पाण्याची मोटर बंद पडली तरी सगळ्या बिऱ्हाडांच्या जबान्या घेतात असं ऐकतो. मला त्या बिऱ्हाडांबद्दल पूर्ण सहानुभूती आहे.

मी साताऱ्याच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. रोज कोरेगाव ते सातारा मोटारसायकलनं जातो. ओहमचा नियम इतकी वर्षं शिकवलाय की झोपेतही फळ्यावर लिहीन. त्यामुळे माझी गाडी रस्त्यात बंद पडली की येणारे-जाणारे थांबून माझ्याकडं मोठ्या अपेक्षेनं बघतात, आणि मी तितक्याच अपेक्षेनं गाडीकडं बघतो. मी काय शिकवतो हे कळलं तेव्हा मेजरांना मनापासून आनंद झाला होता. "नियम तुमाला पाठ हाय सर," ते म्हणाले होते, "तारंला न्हाई."

त्यांच्याकडं दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे जबानी. गाडी मधल्या स्टँडवर लावायची, समोरच्या लाकडी पेटीवर बसायचं आणि काय झालं ते सांगायचं. अट एकच, रोगाचं नाव घ्यायचं नाही. "मेजर, कॉइल गेलीय" असं कोणी म्हणालं की ते किल्ली त्याच्या हातात परत ठेवायचे. "घावला की मग रोग. जावा, घाला बदलून." डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच सांगायची परवानगी असायची. बंद पडली तेव्हा हॉर्न वाजत होता का, ब्रेक दाबला होता का, खड्डा लागला होता का, मागं कोण बसलं होतं. या शेवटच्या प्रश्नावर बरेच जण अडखळायचे. मलकापूरहून आलेल्या एका गृहस्थांनी तर मागं कोण होतं हे सांगण्यापेक्षा गाडी ढकलत नेणं पसंत केलं. मेजरांना कुणाच्या भानगडीत रस नव्हता. मागं वजन पडलं की सीटखालची तार दबते, म्हणून त्यांना फक्त वजन हवं असायचं.

जबानी संपली की ते गाडीकडं बघत बसायचे. हात लावायचे नाहीत. पाच मिनिटं, दहा मिनिटं, डोळे अर्धे मिटलेले, हातात थंड झालेला चहा. नवख्या माणसाला वाटायचं म्हातारा झोपला. एकानं तसं बोलूनही दाखवलं, तेव्हा ते डोळे न उघडता म्हणाले, "तुजी मागची नंबरप्लेट कुनी बशिवली? स्क्रू लांब हाय." स्क्रू खरोखरच लांब होता आणि त्याचं टोक मागच्या दिव्याच्या तारेत घुसलेलं होतं. त्या माणसानं नंतर कुणाच्याही झोपेबद्दल मत दिल्याचं ऐकिवात नाही.

हत्यार म्हणाल तर एकच. जुन्या इंडिकेटरचा एक बल्ब, त्याला दोन तारा, एका तारेच्या टोकाला चिमटा. जावयानं सांगलीहून आणून दिलेला डिजिटल मीटर फळीवर होता, पण त्याचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं. यावरून माझी त्यांच्याशी चांगलीच जुंपली होती. माझी गाडी सेल्फवर उठेना म्हणून मी घरून माझा मीटर घेऊन गेलो होतो. बॅटरीच्या टोकांना लावून दाखवला, बारा पूर्णांक सहा व्होल्ट. तारेच्या दुसऱ्या टोकाला लावला, तिथंही बारा पूर्णांक सहा. मी विजयी मुद्रेनं म्हटलं, वायरिंगमध्ये काही दोष नाही, सेल्फची मोटर गेलीय. रोगाचं नाव घेतल्याबद्दल त्यांनी आधी मला पेटीवरून उठवलं. मग त्याच दोन जागी आपला बल्बचा दिवा लावला. पहिल्या जागी लख्ख पेटला, दुसऱ्या जागी उदबत्तीच्या टोकाएवढा लाल झाला. बॅटरीकडं परत येणारी अर्थिंगची तार चेसीला जिथं कसली होती तिथं मी हौसेनं करून घेतलेला नवा रंग होता. त्यांनी बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं रंग खरवडला, बोल्ट परत कसला, आणि गाडी पहिल्याच बटणाला उठली. मोकळ्या तारेवर मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि भार पडला की खराब जोड उघडा पडतो, हे मी दरवर्षी परीक्षेत विचारतो. दोन मार्काला असतं.

मेजरांचा खरा जन्मवैरी म्हणजे चांदी. फ्यूज उडाला की आपल्याकडचा माणूस नवा फ्यूज आणत नाही. तो सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढतो, जळक्या फ्यूजला गुंडाळतो आणि आपण किती हुशार आहोत हे चार लोकांना सांगतो. फ्यूजनं स्वतः जळून गाडी वाचवायची असते. चांदी स्वतः टिकते आणि गाडी जाळते. त्यामुळे मेजरांचा नियम होता की ज्याच्या गाडीत चांदी सापडेल त्यानं ती हातात धरून, काम संपेपर्यंत, बाहेर रस्त्यावर उन्हात उभं राहायचं. नाही राहायचं तर गाडी घेऊन जायचं. शेजारच्या एका गावातल्या दूध संस्थेचे सेक्रेटरी असेच अर्धा तास उभे होते. येणारा-जाणारा दूधवाला त्यांना रामराम घालत होता आणि सेक्रेटरी चांदीचा हात वर करून उत्तर देत होते. हा गृहस्थ पुढं या गोष्टीत पुन्हा येणार आहे, म्हणून एवढं सांगितलं.

असं असूनही लोक यायचे. मीही जायचो. दुसरा वायरमन पार्ट बदलत बसायचा आणि चौथ्या पार्टला रोग सापडायचा. मेजर शिव्या देऊन पहिल्याच खेपेला शोधायचे.

माझ्या बाबतीतला त्यांचा सगळ्यात मोठा शोध मात्र मला अजून वर्गात सांगता आलेला नाही. एकदा महिनाभर माझ्या गाडीचा फ्यूज सारखा उडत होता. नवा घातला की चार-पाच दिवस बरं, पुन्हा ठप्प. मी जबानी दिली. मेजरांनी ऐकून घेतली आणि विचारलं की बिघाड कुठल्या वारी होतो. मी आठवून सांगितलं, शनिवारी, नाहीतर रविवारी. "शनवारी गाडीला काय करता?" त्यांनी विचारलं. काही नाही, मी म्हणालो. त्यांनी हेडलाइटखाली बोट दाखवलं. तिथं आमच्या आईनं बांधलेलं लिंबू-मिरची लोंबत होतं.

दर शनिवारी सकाळी आई बाजारातून लिंबू-मिरची आणते आणि फिजिक्सच्या शिक्षकाच्या गाडीला बांधते. विकणारे ती तारेत ओवतात. त्या तारेचं शेपूट मागं हॉर्नच्या पत्तीला लागत होतं. हॉर्नवर करंट आणि तारेचं दुसरं टोक चेसीवर. रस्त्याला खड्डा आला की दोन्ही जोडले जायचे आणि फ्यूज उडायचा. गाडी सारखी बंद पडते, म्हणजे दृष्ट फारच कडक आहे, असं ठरवून आईनं मध्यंतरी एकाची दोन लिंबं केली होती. त्यानंतर बिघाड दुप्पट वेगानं व्हायला लागला होता. वर्गातल्या पोरांनी याचा खुलासा मागितला असता तर मी काय उत्तर देणार होतो कुणास ठाऊक.

मला वाटलं मेजर लिंबू उपटून फेकून देतील आणि मला उन्हात उभं करतील. त्यांनी तसं काही केलं नाही. तार सोडवली, खिशातून दोरा काढला, लिंबू-मिरची त्यात नीट ओवली आणि परत जागच्या जागी बांधली. "आईस्नी सांगा, दोऱ्यात ववायचं," ते म्हणाले. "दिष्ट दोऱ्यानंबी निघती." मी आईला तसं सांगितलं. माझ्या सगळ्या शिक्षणानं आईला जे पटलं नव्हतं ते तिला एका मिनिटात पटलं. मेजर देवमाणूस आहे, असंही ती म्हणाली. मला त्या दिवशी मेजरांचा भयंकर राग आला होता.

आता माझ्या भाचीबद्दल सांगायला हवं. माझ्या बहिणीचं सासर कोरेगावपासून जवळच्या एका गावात. दाजींचा ऊस आहे आणि घरात एक जुनी मोटारसायकल आहे. ती गाडी भाचीच चालवायची. पोरगी पोलीस भरतीच्या मागं लागली होती. पहाटे उठून पळायची, संध्याकाळी ग्राउंडला जायची, मधल्या वेळात गाडीच्या काही ना काही निमित्तानं मेजरांच्या शेडमध्ये जाऊन पेटीवर बसायची. मेजर तिला हाकलत नव्हते, ही तालुक्यातली एक नवलाची गोष्ट होती.

एके दिवशी दुपारी मी आणि ती तिच्याच गाडीवरून साताऱ्याला निघालो होतो. माझी गाडी त्या दिवशी बायको घेऊन गेली होती. एका मंडळानं मला गुणवंत शिक्षक ठरवलं होतं आणि चार वाजता शाल-श्रीफळ होतं. त्या वर्षी तालुक्यात गुणवंत इतके निघाले होते की शाली पुरतील का अशी कुजबुज होती, त्यामुळे वेळेवर पोचणं फार जरुरीचं होतं. भाची म्हणाली, परतताना अंधार होईल आणि दिवा नीट नाही, जाता जाता मेजरांना दाखवू. पेटीवर बसून तिनं जबानी दिली. हँडल सरळ असलं की दिवा चांगला पेटतो, उजवीकडं वळवलं तरी पेटतो, डावीकडं पूर्ण वळवलं की डोळा मारतो. मेजर माझ्याकडं वळले. "बगा," ते म्हणाले. "ही शिकल्याली."

हँडल जिथं वळतं तिथं तारांचा जुडगा वाकून वाकून आतल्या आत तुटतो. हेडलाइटची तार तिथंच गेली होती. दहा मिनिटांत त्यांनी ती शोधली, तुटकी टोकं सोलली, आणि मग हात पुसून खाली बसले. लाईट गेलेली होती. जोडावर कथील वितळवून सोल्डर मारायचं यंत्र गार पडलं होतं. ते म्हणाले, पाचला लाईट येईल, तवर गाडी ठेवा.

पाचपर्यंत माझी शाल दुसऱ्या कुठल्या तरी गुणवंताच्या खांद्यावर गेली असती. मी म्हटलं, मेजर, आज नुसता पीळ घाला आणि टेप मारा, उद्या आणतो सोल्डरला. ते नाही म्हणाले. मी पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, पिळाचा जोड म्हणजे तोंडी करार, आज हाय आणि उद्या मुकरला. मी घड्याळ दाखवलं, पाहुणे कोण येणार आहेत ते सांगितलं, शेवटी आवाज जरा चढवला आणि म्हटलं की इतकी वर्षं येतोय, माझ्या शब्दावर एवढा विश्वास नाही का. त्यांनी भाचीकडं पाहिलं. मग दोन्ही टोकं एकत्र पिळली, टेप गुंडाळली आणि म्हणाले, "उद्या आणा."

"उद्या नक्की," मी म्हणालो.

शाल चांगली होती. थोडी टोचते. दुसऱ्या दिवशी भाचीनं फोन करून विचारलं, गाडी नेऊ का मेजरांकडं. मी म्हटलं, थांब, मीच सोबत येतो, माझंही काम आहे. पुढं दोन वेळा मी शेडमध्ये गेलो तेव्हा मेजरांनी आठवण करून दिली की भाचीची गाडी आणायची राहिलीय. मी दोन्ही वेळा "आणतो की" म्हणालो. दिवा चांगला पेटत होता, त्यामुळे मलाही घाई नव्हती.

पुढं उसाचा हंगाम सुरू झाला. संध्याकाळी रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालतात आणि त्यातल्या निम्म्यांना मागं दिवा नसतो. म्हणून भाचीनं हँडलच्या खाली दोन जादा एलईडी दिवे बसवले, स्वतःच्या हातानं. एका संध्याकाळी ती ग्राउंडवरून येत होती. समोरून ट्रॅक्टर आला, त्याच्या डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून तिनं ते दोन्ही दिवे बंद केले. पुढं लगेच गावाचं डावं वळण. वळणावर हेडलाइट गेला आणि कडेनं डोक्यावर गवताचा भारा घेऊन चाललेले एक आबा तिला दिसले नाहीत. आबांचा पाय मोडला. तिचं कोपर फुटलं. तिनंच त्यांना उचलून, रिक्षा थांबवून दवाखान्यात नेलं.

आबा म्हणजे दूध संस्थेच्या सेक्रेटरींचे वडील.

भाची भरतीत निवडली गेली होती. ग्राउंड झालं होतं, लेखी झालं होतं, यादीत नाव लागलं होतं. राहिली होती ती चारित्र्य पडताळणी. त्यात नावावर ताजा गुन्हा निघाला असता तर चार वर्षांचं पळणं मातीत जाणार होतं. दवाखान्याचं सगळं दाजी बघतच होते, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण सेक्रेटरी म्हणत होते की पोरीनं डिस्को लायटी लावून वायरिंग जाळलं आणि म्हाताऱ्याला उडवलं, हे सोडायचं नाही. गावातल्या चार जाणत्यांनी मध्ये पडून तोड काढली. गाडी मेजरांना दाखवायची. पोरीनं हात घातल्यामुळं दिवा गेला असेल तर सेक्रेटरींनी खुशाल फिर्याद द्यावी. तसं नसेल तर द्यायची नाही. सेक्रेटरी लगेच तयार झाले. "मेजर म्हणतील ते. ते कुनाच्या बापाला भेत न्हाईत, मला म्हाईत हाय," ते म्हणाले.

रविवारी सकाळी गाडी टेम्पोतून शेडमध्ये आली. दाजी, भाची, सेक्रेटरी, जाणते, बघे आणि मी. त्या दिवशी लाईट होती. मेजरांनी भाचीला पेटीवर बसवून जबानी घेतली, जशी कुणाचीही घेतात तशी. तिनं सगळं सांगितलं, एलईडी कधी बंद केले तेही. मग ते पंधरा मिनिटं गाडीकडं बघत बसले. यावेळी ते झोपलेत असं कुणी म्हणालं नाही.

उठल्यावर त्यांनी आधी एलईडीची तार धरली आणि बोटानं चाचपत बॅटरीपर्यंत नेली. थेट बॅटरीवरून घेतलेली, वेगळा फ्यूज, वेगळा रिले, स्वतंत्र अर्थिंग, प्रत्येक जोड नीट दाबलेला. हेडलाइटच्या तारेला तिनं कुठंही हात लावलेला नव्हता. "कुनी केलं?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, मीच. "कुटं शिकलीस?" ती म्हणाली, इथंच बसून. मेजर म्हणाले, "बरोबर केलंस." हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून तोवर कुणासाठीही ऐकले नव्हते. दाजींनी डोळे पुसले.

सेक्रेटरी म्हणाले, "मग दिवा का गेला?"

सगळे मेजरांकडं बघायला लागले. पोरगी सुटली होती. आता फक्त 'जुनी गाडी हाय, तार तुटली' एवढं म्हणायचं आणि सगळ्यांनी घरी जायचं. सेक्रेटरींना ते पटलं असतं, दाजींना पटलं असतं, आणि टेपच्या आत काय आहे ते कुणालाच दिसणार नव्हतं. मी पुढं झालो आणि हळू आवाजात म्हटलं, "मेजर, गाडी फार जुनी झालीय."

त्या सगळ्या प्रकरणात मी बोललो ते एवढंच.

मेजरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग तपासायचा दिवा घेतला, तारेच्या अलीकडं लावला, लख्ख पेटला. पलीकडं लावला आणि दाजींना हँडल डावीकडं वळवायला सांगितलं. दिवा लाल झाला आणि गेला. ब्लेडनं त्यांनी टेप उभी चिरली. आत पिळलेली तार काळी पडून सुटायला आली होती. ती त्यांनी दोन्ही बाजूंनी कापून तळहातावर घेतली आणि सेक्रेटरींसमोर धरली.

"ह्यो जोड माजा हाय."

सेक्रेटरींनी वाकून बघितलं. "पिळाचा?"

"व्हय."

"सोल्डर न्हाई?"

"न्हाई."

"का?"

"घाई झाली."

"कुनाची?"

"माजी."

मी तीन फुटांवर होतो. शेडमध्ये शिंकलं तरी सगळ्यांना ऐकू येतं. भाची जोडाकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. मी चष्मा काढला आणि पुसायला लागलो. तो स्वच्छच होता.

सेक्रेटरी सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "मला चांदी घिऊन उनात उभा केला हुता तुमी." त्यात राग किती आणि नवल किती ते सांगता येणार नाही.  मेजरांनी सोल्डरचं यंत्र भाचीच्या हातात दिलं, तो जोड मुठीत घेतला आणि बाहेर जाऊन रस्त्यावर उभे राहिले. नेहमी लोक उभे असायचे तिथंच, तसाच हात पुढं करून. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. काही जण हसले, कारण त्या जागेवर उभं राहिलेले निम्मे लोक गावातच होते.

सेक्रेटरींना ते बघवेना. ते बाहेर गेले आणि म्हणाले, "आत चला मेजर. झालं ते झालं. फिर्याद द्येत न्हाई म्या."

"काम झालं का?" मेजरांनी विचारलं.

"चाललंय."

"मग ऱ्हाऊ द्या."

आत भाची नवी तार घालून सोल्डर मारत होती. तिचा हात अजिबात हलत नव्हता. काम संपायला वीस मिनिटं लागली आणि मेजर वीस मिनिटं उभे होते.

पुढं कित्येक महिने लोकांनी त्यांना सोडलं नाही. ज्याला त्याला हिशेब चुकता करायचा होता. "मेजर, सोल्डर राहू द्या, पीळच घाला," असं म्हणून पोरं खिदळायची. मेजर ऐकून घ्यायचे आणि जबानी सुरू करायचे.

मी का बोललो नाही याचं माझ्याकडं एक चांगलं कारण आहे. गाडी परत आणायला सांगितलं होतं आणि आम्ही आणली नाही, असं मी बोललो असतो तर हयगय आमच्या घरची ठरली असती आणि फिर्याद पुन्हा पोरीवर आली असती. कारण अगदी खरं आहे. फक्त ते मला घरी जाऊन जेवल्यावर सुचलं. शेडमध्ये उभा असताना माझ्या डोक्यात एवढंच होतं की हे सगळे लोक मला सर म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी मेजरांकडं गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. मी पेटीवर बसलो आणि म्हटलं, घाई माझी होती, तुम्ही नाही म्हणत होता, मी जबरदस्ती केली, आणि काल मी तोंड उघडलं नाही. ते तारेचं भेंडोळं सोडवत होते. सोडवून झाल्यावर त्यांनी ते खुंटीला अडकवलं.

"घाई तुमची हुती सर," ते म्हणाले. "हात माजा हुता."

मी म्हटलं, मला माफ करा. ते म्हणाले, मला सांगून काय उपेग, मला म्हाईतच हाय. मग म्हणाले, "पोरगीला सांगा. तिनं बगितलंय."

मी तसाच बहिणीच्या गावी गेलो. भाची अंगणात पळायचे बूट धूत बसली होती, कोपराला पट्टी होती. दाजी शेतात होते, बहीण आत होती. मी उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं. तिला ठाऊक असलेलंच सांगितलं, पण पहिल्यापासून, काही न गाळता. फिर्यादीचं ते चांगलं कारण मात्र सांगितलं नाही. तिनं बूट उलटा करून पाणी काढलं आणि उन्हात ठेवला.

"मामा," ती म्हणाली, "मला वाटलं हुतं, तुमी तितंच बोलशीला."

मी म्हटलं, मलाही वाटलं होतं.